अंधाऱ्या बेडरूमचा फ्लॅट

ताईच्या फ्लॅटचा विषय निघाला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

ताई माझी थोरली बहीण. तिच्या वर दादा आणि शेंडेफळ मी. ताई रक्त काढते. म्हणजे एका लॅबसाठी सकाळी सकाळी लोकांच्या घरी जायचं, उपाशीपोटी जांभया देत बसलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची आणि गप्पा मारता मारता सुई टोचायची. पेशंट तिला सुईताई म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. का, असं कुणी खोदून विचारलं तर म्हणते, "शीरच सापडली नाही हो."

सगळा जन्म तिनं भाड्याच्या खोल्यांत काढला. एकट्या बाईला जागा देताना घरमालकांना काय काय प्रश्न पडतात, ते मी इथे सांगत नाही, माझं तोंड खराब होईल. करार संपला की पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. तिच्या डोक्यात एकच होतं. हात थरथरायला लागले की सुईचं काम सुटणार. त्यानंतर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. एक फ्लॅट घ्यायचा, तो नोकरदारांना किंवा एखाद्या कुटुंबाला भाड्यानं द्यायचा आणि त्या भाड्यावर आपण कुठल्या तरी लहानशा खोलीत निवांत म्हातारं व्हायचं. एवढीच मागणी होती हो बिचारीची.

फ्लॅट घेतला तो मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. दुसरा मजला, आणि बेडरूमची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. दादा बघायला आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो इथे! तुला फसवलंय." ताई हसली. रक्त काढायला जाऊन जाऊन त्या भागातली सगळी घरं ती आतून बघून बसलेली. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकते, कुठे वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, सगळं तोंडपाठ. म्हणाली, "रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला काय लागतं, ते तुला नाही कळायचं दादा." आणि झालंही तसंच. एजंटला सांगायचा अवकाश, एक कुटुंब आलं. बायको त्याच हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, नवरा ऑफिसात, एक शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई. डॉक्टरीणबाईंनी अंधारी बेडरूम पाहिली आणि म्हणाल्या, "हीच हवी होती."

ते लोक राहायला येईपर्यंत ताई एक-दोनदा स्वतः तिथे राहून आली, नळ कुठे गळतो ते बघायला. मी गेले तर भिंतीवर आरसा चिकटपट्टीनं लावलेला. "खिळा ठोक की!" मी म्हटलं. तर म्हणते, "नको बाई, प्लास्टर उडेल, उगाच बोलणी खावी लागतील." कुणाची? स्वतःची? मी हसले आणि मग चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा लावून दिला.

आता चूक सांगते. दुसरी किल्ली तिनं दादाला दिली. आमच्याकडे किल्ली मोठ्या भावाकडेच ठेवायची, आई असल्यापासून. मी म्हटलं होतं, कशाला? तर माझ्यावरच डोळे वटारले, "भाऊ आहे तो आपला."

राहायला यायच्या दिवशी त्या लोकांचा टेम्पो खाली येऊन थांबला. मी आणि ताई किल्ली द्यायला वर गेलो. तर दार आतून बंद! बेल वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी दार उघडलं ते दादाच्या चिरंजीवांनी, बनियनवर, डोळे चोळत. आत गाद्या, खोकी, हॉलच्या मधोमध व्यायामाचा लोखंडी बाक. साहेब राहायला आले होते! तेही न विचारता!

"बाबा म्हणाले, आत्याचा फ्लॅट आपलाच आहे," चिरंजीव म्हणाले. वर आणखी, "आज ना उद्या माझ्याच नावावर होणार ना?" मी त्याच्या कानाखाली आवाज काढणार होते. ताईनं हात धरला माझा.

दादाला फोन केला. तो आणि वहिनी लगेच आले, जणू तयारच बसले होते. दादा ताईला बाजूला घेऊन समजावायला लागला. "त्यांना दुसरीकडे जागा मिळेल गं. सख्ख्या भाच्याला बाहेर काढून परक्यांना घर देतेस? लोक काय म्हणतील?"

"मी त्यांना शब्द दिलाय," ताई म्हणाली.

"शब्द कसला घेऊन बसलीस! उद्या तुझं म्हातारपण कोण बघणार? आम्हीच ना?"

ताई हळूच म्हणाली, "खरंच बघशील दादा?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग मी आजच येते. माझी खोली सोडते. हा राहू दे इथे, फुकट राहू दे. याची तुमच्याकडची खोली रिकामी झालीच आहे. त्यात मी राहते. कायमची."

मला वाटलं, काय चिमटा काढलाय! मी हसणारच होते. पण ताईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ती चिमटा काढत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "तसं नाही हो, त्या खोलीत आता आम्ही कपाटं करून घ्यायचं म्हणतोय..."

"दादा?" ताईनं पुन्हा विचारलं.

"बघू ना," दादा म्हणाला. "त्या वेळचं त्या वेळी."

ताईनं मान हलवली. जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली हाक मारली, "डॉक्टरीणबाई, या वर. जरा दहा मिनिटं द्या, जागा रिकामी होतेय." मग आत गेली, त्या लोखंडी बाकाचं एक टोक उचललं आणि दादाला म्हणाली, "ते टोक धर." दादानं निमूटपणे धरलं. एवढं मात्र जमलं त्याला!

ते कुटुंब अजून तिथेच आहे. भाडं वेळेवर येतं. ताई दादाकडे जाते, जेवते, भाच्याची चौकशी करते. मी त्या घराची पायरी चढत नाही. "सोड गं आता, किती धरून बसशील?" ताई मला म्हणते. नाही सोडणार! एक "ये" म्हणायचं होतं त्यानं. तेवढं म्हटलं असतं ना, तर हिनं तिथल्या तिथे तो फ्लॅट त्याच्या हवाली केला असता आणि जन्मभर खूश राहिली असती. त्या गाढवाला हे अजून कळलेलं नाही.