कंबर आधी, हात शेवटी

आमचे शेजारी दिवाकरकाका गेले ते दुपारी, टीव्हीवर बेसबॉलची मॅच लावून, खुर्चीत बसल्या बसल्या. काकूंना वाटलं, डुलकी लागली. त्यांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच पिठाच्या हातांनी धावले. काकांचा चेहरा इतका निवांत होता, की रडू यायच्या आधी मला त्यांचा हेवा वाटला.

काका मूळ नागपूरचे. कॉलेजात फास्ट बोलिंग करायचे, इथे अमेरिकेत, श्रूजबरीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आमची लेक रेवा बेसबॉलमध्ये पिचिंग, म्हणजे बॉल फेकायचं काम, करते हे कळल्यावर स्वारी थेट आमच्या अंगणात. "कोपर वाकवायचं नाही! हात सरळ!" हा पहिला धडा. रेवाने मुकाट्याने ऐकलं आणि बॉल माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात गेला. "काका, दॅट्स क्रिकेट! इथे कोपर बेंड करायचंच असतं." जन्मभर ज्याला नो-बॉल म्हटलं ते इथे चालतं, हे पचवायला त्यांना वेळ लागला. मग मात्र पंचाहत्तरीचा हा माणूस शाळकरी पोरासारखा अभ्यासाला लागला. व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे, रेवाच्या कोचना गाठून प्रश्न विचारायचे… कोच त्यांना लांबून येताना पाहूनच हसायला लागायचे.

हायस्कूलच्या टीमची निवड तोंडावर आली आणि रेवाचं कोपर दुखायला लागलं. स्पीड वाढवायचा म्हणून पोरगी नुसत्या हाताच्या जोरावर फेकत होती. डॉक्टरांनी काही आठवडे विश्रांती सांगितली. "कोचना नको सांगायला. ट्रायआउट्सपर्यंत मी मॅनेज करते," ती म्हणाली. तिचं तोंड बघून माझंही मन डळमळलं. काका ढिम्म. "बॉल बंद म्हणजे बंद. टीम पुढच्या वर्षीही असेल. हे कोपर गेलं तर दुसरं कुठून आणशील?" कोचना सांगायलाही तिलाच पाठवलं. निवड हुकली. रेवा त्यांच्याशी बोलेनाशी झाली, आणि खरं सांगते, मलाही त्यांचा राग आला होता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका आले ते बॉलऐवजी आपला पंचा घेऊन. तो धरून नुसती ॲक्शन करायची. "जोर जमिनीतून येतो. पाय लांब टाक, मग कंबर फिरव, छाती तिच्या मागून, हात सगळ्यात शेवटी. आणि बॉल सुटल्यावर हाताला ब्रेक लावू नकोस, पलीकडच्या गुडघ्याकडे जाऊ दे." कोच हेच सांगायचे, पण काका ते एका पायावर डुगडुगत करून दाखवायचे. पंचा फटकन वाजला की स्वतःच टाळ्या. त्या टाळ्यांना रेवा हसली आणि अबोला संपला. पुढच्या वर्षी ती टीममध्ये गेली. बॉल पूर्वीपेक्षा जोरात, आणि कोपराची तक्रार नाही.

गेल्या रविवारी आम्ही काकूंकडे गेलो होतो. गॅरेजच्या भिंतीवर काकांनी रेवाच्या सरावासाठी टांगलेली जुनी गादी अजून तशीच आहे, मधोमध खोलगट झालेली. काकू म्हणाल्या, "रेवा, एक बॉल टाक ना गं. किती दिवस झाले तो आवाज ऐकून."

त्या वेळी नाही कोण म्हणणार? रेवाने बॉल उचलला, बोटांत फिरवला आणि काकूंच्या हातात ठेवला.

"आज नको, काकू. कालच मॅच होती, हाताला आराम हवा. काका ओरडतील."

 काकू डोळे पुसत इतक्या हसल्या…

"ओरडतीलच," त्या म्हणाल्या. "बुधवारी ये."