महरुन्निसाची हुरहूर

महाडात आमच्या भिंतीला भिंत लागून महरुन्निसाचं घर. तिचा नवरा अजमल मस्कतला ट्रेलर चालवायचा. दोन वर्षांनी एकदा यायचा. एरवी यायच्या त्या त्याच्या कॅसेटी. पत्र लिहायचा त्याला भारी कंटाळा, म्हणून टेपरेकॉर्डरसमोर बोलून पाठवायचा.

तो गेला की हिच्या छातीत काहीतरी व्हायचं. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या पोलादपूरकडच्या ठमाबाईनं त्याला नाव दिलं, हुरहूर. "चुलीत ओलं लाकूड कसं हुरहुरतं, जळत नाय न इझत नाय. तिथनंच आलाय शबुद. मानूस घरी आला का जाते." मी शाळेत मराठी शिकवते. मला काही हे पटलं नाही. पण शब्दाचं खरं मूळ मलाही ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली अजमल कायमचा परत आला. आळीत शिरखुर्मा वाटला. आणि महिन्याभरात महरुन्निसा छातीवर हात धरून माझ्या ओट्यावर हजर.

"बाई, हुरहूर जात नाय. वाढली उलट. मानूस तर घरात हाय, मंग ही कोणासाठी?"

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" मी वैतागलेच. डॉक्टरांनी रक्तदाब बघून टॉनिक दिलं. ठमाबाई म्हणाली, "मंग दुसरं कायतरी असंल." मी कोश उघडला, तर त्यातही जवळ नसलेल्याची ओढ, एवढंच.

अजमल वाईट नव्हता हो. पण दिवसभर पंख्याखाली बसायचा, चहा मागायचा, काही विचारलं तर "हूं" म्हणायचा. ती बिचारी समोरून जा-ये करायची.

एका दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिनं मसाल्याच्या डब्यांमागून जुनी कॅसेट काढली आणि हळू आवाजात लावली.

"मेहरू, आज हितं पाऊस झाला गो. तुजी लय याद आली. जेवलीस का?"

"जेवले," महरुन्निसा हसून म्हणाली. छातीवरचा हात खाली आला होता.

दारात अजमल उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. तिनं घाबरून टेप बंद करायला हात नेला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. कॅसेट संपेपर्यंत दोघांनी ऐकली.

मग टेपकडे बोट करून त्यानं विचारलं, "हा कधी येनार गो?"