कडुनिंबाचं दार

दिवाळीनंतरच्या अवकाळी वाऱ्यानं आमच्या अंगणातला कडुनिंब आडवा झाला, तेव्हा मी नाशिकहून निघालो तो जळाऊ लाकूडवाल्याला गाठायच्या बेतानंच. नामपूरजवळची शेती आई-वडिलांमागं माझी थोरली बहीण, आक्का, एकटी सांभाळते. तिनं चहा पुढं केला आणि सांगितलं, याच्या फळ्या पाडायच्या आणि घराला दार करायचं. जुनं दार वाळवीनं पोखरलं होतं, आणि हा कडुनिंब वडिलांनी लावलेला. तो चुलीत घालायला ती तयार नव्हती.

सॉ मिलवाल्यानं आधीच हात वर केले होते. अंगणातलं झाड म्हणजे आत लोखंड असणारच, पातं मोडलं तर काय, असं त्याचं म्हणणं. मग आक्कानं फांद्या तोडायला घेतलेली जुनी चेनसॉ बाहेर काढली. गावातल्या वेल्डरकडून त्या चेनसॉला लोखंडी अँगलची चौकट करून घेतली. खोडावर घरचीच शिडी आडवी बांधायची आणि ही चौकट तिच्यावरून सरकवत न्यायची, म्हणजे काप सरळ जातो. डोक्यावर माझं मोटरसायकलचं हेल्मेट. मला हसू येत होतं, पण हसायची छाती नव्हती.

त्याआधी खिळे काढायचे होते. धुण्याची तार, कंदील, पोराबाळांची झोळी; कुठला खिळा कशासाठी आणि किती उंचीवर ठोकला, हे तिला तोंडपाठ. साल चढून गडप झालेल्या जागांवरही तिनं खडूनं फुल्या मारल्या आणि पटाशीनं उकरून एकेक खिळा बाहेर काढला. शेवटी मला विचारलं, तू काही ठोकलं होतंस का? मी रुबाबात नाही म्हणालो.

पहिली फळी सुटली आणि मी बघतच राहिलो. इतकी सपाट फळी माझ्या बहिणीनं शिडीवरून पाडली, हे मी अजूनही ऑफिसात सांगतो. दुसऱ्या कापाला मात्र ठिणग्या उडाल्या. चेनचे दात गेले, आणि चेन ती एकच.

मी पटाशीनं लाकूड उकरलं. आत लहानसा, वाकलेला खिळा होता. तो बघितला आणि आठवलं: शाळेत असताना शेळीनं माझी वही खाल्ली तेव्हा दप्तर अडकवायला मीच ठोकला होता, सगळ्यांच्या नकळत. मी कबूल केलं. मान वर करायची लाज वाटत होती. आक्का गोल कानस घेऊन बसली आणि दुपार कलेपर्यंत एकेक दात घासत राहिली. मग पुन्हा हेल्मेट चढवलं.

फळ्या तिनं रिकाम्या कांदाचाळीत, मध्ये पट्ट्या घालून, रचल्या. जिथं कांदा सुकतो तिथं फळीही सुकेल, हा तिचा हिशोब. नवा कांदा येईपर्यंत त्या तिथंच होत्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलो तर दार बसलं होतं. मधल्या फळीवर काळा डाग, त्यात भोक, आणि भोकात तोच खिळा, सरळ करून ठोकलेला. झाडात होता तेवढ्याच उंचीवर. मी खांद्यावरची पिशवी कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं बघत होतो.

"हाऊ तुना खिळा शे," आक्का आमच्या अहिराणीत म्हणाली. "पिशवी आठेच टांग."

पिशवी अडकवायला मला वाकावं लागलं.