आडोशाचा डोसा

हृषिकेशला एका जागी बसता येत नाही. माझ्या मुलीच्या, मेधाच्या, मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या घरामागे एक सुटी खोली आहे, तिथे तो भाड्याने राहतो. चिंचवडहून अकाउंटिंग शिकायला आला, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला, आणि आता गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. कुणी त्यावर हळहळलं की म्हणतो, "फोर्कलिफ्ट निदान हलते तरी."

मी थोडे दिवस म्हणून मेधाकडे आले आणि कोरोनाने विमानं बंद झाली. त्या हिवाळ्यात अख्खं मेलबर्न घरात कोंडलेलं. बाहेर पडायचं ते मास्क लावून, आणि पाच किलोमीटरच्या आत. हृषिकेश शिफ्टवरून आला की परसात कपडे वाळत घालायच्या त्या छत्रीसारख्या दांड्याभोवती फिरत राहायचा. मी खिडकीतून सांगायची, "अरे, गवत ठेव थोडं." तो हो म्हणायचा आणि फिरायचा.

त्याला चैन नव्हती ती फुटबॉलपायी. तोही इथला नव्हे, अमेरिकन. हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळतात तो. आमच्या बाजूला पेलिकन्स नावाचा हौशी क्लब आहे. खेळणारे कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर. हृषिकेश कधी खेळला नाही. अंगावर मांसच नाही. आधी पाण्याच्या बाटल्या भरायचा, मग बघून बघून त्याला खेळ कळायला लागला, आणि ब्रेंडन नावाच्या मुख्य कोचने मैदानावर कुठली चाल खेळायची ते ठरवायचं काम त्याच्याकडे दिलं. गोदाम सोडलं तर या देशात त्याचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आणि तेच जायची वेळ आली होती. आदल्या मोसमात टीम सारखी हरली. प्रेक्षक म्हणजे क्लबचे सभासदच, त्यांना मत असतं. त्यांनी सगळं खापर हृषिकेशच्या एका लाडक्या चालीवर फोडलं. तिला म्हणतात स्क्रीन पास.

मला ती त्याने गवतावर कपड्यांचे चिमटे मांडून दाखवली. "काकू, हा फेकणारा. हा लांब कडेला उभा राहतो तो गडी. बॉल पुढे फेकायचाच नाही, पटकन आडवा त्याच्याकडे द्यायचा. तोवर या दोघांनी त्याच्या पुढ्यात उभं राहून समोरच्यांना अडवायचं. मग तो यांच्या मागून सुटतो."

"आणि नाही अडवलं तर?"

"तर त्याचा भुगा," तो म्हणाला आणि चिमटा पायाने दाबून दाखवला. मेधाचा चांगला चिमटा मोडला.

क्लबची मीटिंग झूमवर झाली. त्याच्या खोलीत नेट धड चालत नाही म्हणून तो आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसला, म्हणजे उभा राहिला. सगळ्यांत जास्त बोलत होता डॅरल, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, मागे भिंतभर टोप्या टांगलेल्या.

"पुढे जायचा खेळ आहे, मेट. तू आम्हाला आडवा नेतोस."

"आडव्यातूनच जागा मिळते, डॅरल."

"मिळते ना. खाली पडायला."

दुसरी एक बाई म्हणाली, आमचे पोरगे चपळ आहेत, चाल चांगलीच आहे, पण हा ती दर वेळी लावतो. तिसरा म्हणाला, दर वेळी नाही, फक्त हरताना. त्यावर कुणी म्हणालं, म्हणजे दर वेळीच. मला एवढंच कळेना की याला स्क्रीन का म्हणायचं. मी चणे निवडता निवडता विचारलं, "हृषिकेश, स्क्रीन म्हणजे काय रे इथे?"

तो वैतागून मोठ्याने म्हणाला, "आडोसा, काकू. आडोसा."

माइक चालूच होता. डॅरल थांबला. "काय म्हणाला तो? अ डोसा?"

मग काय. सगळे खिदळले. एकजण म्हणाला, मला मसाला घातलेला. त्या दिवसापासून त्या चालीचं नाव डोसा पडलं. हृषिकेश लॅपटॉप बंद करून म्हणाला, "महाराष्ट्राचं काही द्यायचं तर थालीपीठ तरी द्यायचं."

हसले, पण मतं विरोधातच दिली. ब्रेंडनने फोन करून 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हटलं, आणि चाली ठरवायला कॅमरन नावाचा नवा माणूस आणला. उन्हाळा सरता सरता हृषिकेशने डार्विनला, पार देशाच्या उत्तर टोकाला, नोकरी शोधली, ती मिळालीही. तिथे उकाडा आणि मगरी आहेत, असं मी सांगून पाहिलं. "इथे काय आहे मग?" त्याने विचारलं. सोमवारी हो म्हणून कळवायचं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, मार्चमध्ये, पेलिकन्सचा सामना होता. बाहेर फिरायला तोवर मोकळीक मिळाली होती. मला बळेच घेऊन गेला. एकट्याने जायची लाज वाटत असावी. दोन-दोन खुर्च्या सोडून बसायचं होतं. पलीकडे डॅरल. एकमेकांना मान हलवली, बस.

टीम मागे पडली आणि कॅमरन कडेवरून ओरडला, "डोसा."

हृषिकेश ताठ झाला. बॉल फेकला जायच्या आतच आमचे सगळे गडी मैदानभर पसरले, पातळ, एकसारखे, तव्यावर पीठ फिरवावं तसे. कडेच्या गड्याने बॉल झेलला तेव्हा त्याच्या पुढ्यात कुणीही नव्हतं. तीन जण त्याच्या अंगावर आले.

"हे काय होतं?" मी म्हटलं.

"कॅमरनला कुणी सांगितलंच नाही," हृषिकेश म्हणाला. "डोसा म्हणजे पसरायचं, असं वाटलं त्याला. तसंच शिकवलंय सगळ्यांना."

थोड्या वेळाने पुन्हा डोसा. पुन्हा तेच. पडलेला गडी खांदा धरून बसला. डॅरल इकडे वळला. "यात खरं काय व्हायला हवं होतं, मेट?"

हृषिकेश उठला. जॅकेट माझ्या मांडीवर टाकून तो दोरीपाशी गेला आणि चक्क मराठीत ओरडला, "अरे, पसरू नका रे. आडोसा धरा, आडोसा." जुने खेळाडू वळले, त्यांना तो आवाज ठाऊक होता. ब्रेंडनने आधी त्याच्याकडे, मग खांदा धरून बसलेल्याकडे पाहिलं आणि हाताने आत बोलावलं. हा दोरीखालून वाकून गेलाच.

सामना हरलेच. डॅरल शेवटपर्यंत पुटपुटत होता की आडवं ते आडवंच. पण पुढच्या डोशाला दोघे पुढे उभे राहिले आणि कडेचा गडी बराच लांब पळाला, तेव्हा डॅरल खुर्चीतून उठून उभा राहिला होता, हे मी पाहिलंय.

डार्विनचं मी विचारलं नाही. सोमवारी दुपारी वारा सुटला आणि माझी वाळत घातलेली साडी शेजाऱ्याच्या कुंपणावर जाऊन पडली. दांड्यावर एक चिमटा शिल्लक नव्हता. सगळे गवतात मांडलेले होते, आणि हृषिकेश त्यांच्याभोवती फिरत होता.