नर्सिंगचा पेपर आणि मायचा हात

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत सायन्सच मला आडवं येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून माय रोज माझा धडा ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण मी अडखळले की लगेच पकडायची. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या वावरात मी बांधावर उभी राहून घोकायची आणि ती ड्रममध्ये फवारणीचं औषध कालवायची, कोपरापर्यंत हात घालून. काडीनं कालवलं तर गाठी राहतात, पंप तुंबतो, म्हणून आमच्याकडच्या सगळ्याच बाया हातानं कालवत.

अकोल्यात जुन्या शहरात ज्या सरांकडे मी शिकवणीला जायची, त्यांनी कीटकनाशकाच्या विषबाधेची चार लक्षणं वहीत चौकट करून लिहून दिली होती. यावर एक सवाल येतोच, म्हणायचे. मी ती मायला म्हणून दाखवली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, अंगाचं मांस फडफडतं.

मायनं हात ड्रममधून काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "हे तं मले दर फवारणीले होते वं," ती म्हणाली. "मंग? पुढचं म्हण."

मी पुढचं म्हटलं. आग लागो त्या पाठांतराला! चारातलं एकही चुकलं नाही, याचाच मला आनंद झाला होता.

परीक्षा अमरावतीला होती, ऐन फवारणीच्या दिवसांत. मजूर लवकर येणार म्हणून मायनं उजाडताच दोन ड्रम कालवले. हात राखेनं घासला, ठेवणीतलं लुगडं नेसली, पण बाही भिजलेलं पोलकं तेच ठेवलं. बदलत बसलं तर बस चुकेल म्हणाली. मूर्तिजापूरच्या पुढे ती खिडकीतून ओकली. बस लागली म्हणाली. मायला जन्मात कधी बस लागली नव्हती. मला खटकलं, पण मांडीवर वही होती.

परीक्षेच्या शाळेबाहेर ती निंबाखाली बसली. अंग घामानं निथळत होतं, सारखी थुंकत होती. मला मात्र हातानंच आत जा म्हणाली.

तिसाव्या प्रश्नाच्या आसपास सरांचा सवाल आला. बाहुली कशी होते? मी खूण केली. सकाळपासून जे बघत होते, ते सगळं एकदम कळलं. अर्ध्याहून जास्त पेपर बाकी होता. उठले तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की माझं लग्न लावायचं, हे घरात आधीच ठरलेलं. देवा, मी उठले नाही. घंटा होईपर्यंत एकेक प्रश्न सोडवत बसले.

बाहेर आले तर माय आडवी पडली होती. मी तिची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढीही नव्हती.

दवाखान्यात ती वाचली. माझा नंबरही लागला. तिचा उजवा हात मात्र तेव्हापासून थरथरतो, चहा मलाच पाजावा लागतो. पेपर लिहिताना मला कळलं होतं, हे मी एकदा रडत रडत तिला सांगून टाकलं. आता घरी कोणीही आलं की ती ते कौतुकानं सांगते.

"मी भाईर मरून राहिली होती, हे तिले मालूम होतं. पण पोरगी पेपर पुरा करूनच उठली."

चहाचा कप तेव्हा माझ्याच हातात असतो.