कंसमामा

ऑफिसात माझ्या मामाला सगळे ‘कंसमामा’ म्हणत. मामा स्वभावाने गरीब गाय. नाव पडलं ते कामामुळे. पाणीपुरवठ्याच्या पंपांची सगळी सेटिंग्ज तो एका एक्सएमएल फाईलमध्ये ठेवायचा. तिच्यात प्रत्येक गोष्ट कंसात उघडायची आणि कंसातच बंद करायची. एक जरी कंस राहिला, तरी अख्खी फाईल रुसून बसते.

घरातही तेच. डब्याचं झाकण उघडं दिसलं की विचारायचा, “उघडणाऱ्याने बंद करायचं कुणासाठी ठेवलंय?”

मामी म्हणायची, “फाईलशीच लग्न करायचं होतंत.”

बावीस वर्षं त्याने त्या फाईलमध्ये आकड्यांच्या वर टिपा लिहिल्या. ‘तीन नंबर म्हातारा झालाय. बंद केल्यावर दम खाऊ द्या. खालचे सेकंद कमी करू नका.’ अशा चारशेच्या वर. निवृत्ती जवळ आली तेव्हा म्हणाला, “मी नसलो तरी टिपा आहेत.” त्याला तेवढंच हवं होतं.

शेवटच्या महिन्यात नवी प्रणाली आली. त्याच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनी सगळी फाईल एका झटक्यात नव्या साच्यात ओतली. आकडे आले, टिपा गळाल्या.

“मामा, टिपा मशीन वाचतच नाही. काही अडणार नाही,” त्या हसून म्हणाल्या.

“मशीनसाठी कुठे लिहिल्या होत्या?”

त्यांनी ऐकलं नसावं. जुना कॉम्प्युटर त्याच आठवड्यात भंगारात गेला, आणि फाईल त्याच्याबरोबर.

मामा निवृत्त झाला. चार महिन्यांनी मॅडमचा फोन आला. मी मामाकडेच होते, फोन स्पीकरवर होता. प्रत्येक पंपाला वेगळा आकडा का, हे कुणालाच कळेना, म्हणून त्यांनी सगळे सारखे केले होते. तीन नंबर जळाला होता. अर्ध्या वस्तीला पाणी नव्हतं.

“नवी मोटर तरी वाचवू. किती सेकंद होते, मामा?”

“पंचेचाळीस.” मग थांबून, “की नव्वद?”

“नक्की सांगा ना.”

त्याने डोळे मिटले. टीप तोंडपाठ होती, शब्दन्‌शब्द. तिच्याखालची ओळ कोरी होती.

“आठवणीत राहिलं असतं, तर लिहिलं कशाला असतं?”

“बरं, बघतो आम्ही,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. मामा उठला, पाणी प्यायला, आणि माठावर झाकण न ठेवताच आत गेला. मामीने माझ्याकडे पाहिलं.