भिंतीच्या आत चाललेला जाळ

स्वयंपाकघराच्या निळ्या भिंतीवर, बटणांच्या काळ्या बोर्डाच्या वर, एक तपकिरी डाग हळूहळू पसरत चालला होता... कळस गावातल्या आमच्या घराची ही माझी सर्वांत ठळक आठवण. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

त्या उन्हाळ्यात घरात एक अनोळखी वास येऊ लागला. कडब्याचा, शेणाचा, तापल्या मातीचा गंध आमच्या अंगवळणी पडलेला. हा त्यांतला नव्हता.

"आवो, मासळीचा वास येतुय," आई म्हणायची.

आमचं घर माळकरी. "भिगवणच्या मासळीबाजाराकडनं वारा सुटला आसंल," म्हणून अण्णा, माझे वडील, हसण्यावारी नेत. मिक्सर लावला की दिवा मलूल होई, फ्यूज वरचेवर उडे. आणि अण्णा दर वेळी आधीपेक्षा जाड तार बसवून निर्धास्तपणे शेताकडे निघून जात.

आईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता; वास त्या डागाजवळच उग्र होतो, हे तिने हेरलं होतं. त्या भिंतीच्या पलीकडेच तान्ह्या भावाचा पाळणा होता, वर माळ्यावर कडबा रचलेला. एका सकाळी तिने मेन स्विच बंद केला, भावाला कडेवर घेतलं, माझं बोट धरलं आणि एसटीने थेट बारामती गाठली. दुपारी आम्ही परतलो, ते तिच्या माहेरच्या ओळखीतल्या शंकरतात्या वायरमनना घेऊनच.

तात्यांनी मेन चालू करून मिक्सर लावायला सांगितला. थोड्या वेळाने हाताची मागची बाजू भिंतीला टेकवली, डोळे मिटले. "पोरी, हितं हात लाव."

भिंत तापलेली होती... आजारी माणसाच्या कपाळासारखी!

मग मेन बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. तारेवरचं रबर बोट लागताच वाळल्या पाचटासारखं चुरलं; मागची लाकडी पट्टी कोळसा झालेली. "आक्का, मासळी न्हवं ही. बोर्ड न् वायर जळत्याती, त्येचा वास. चार दिस गेलं आसतं, तर..." त्यांची नजर दारातून पलीकडच्या पाळण्याकडे गेली.

तेवढ्यात अण्णा आले. तात्यांनी ती जाड तार त्यांच्यापुढे धरली. "बापूराव, फ्यूज उडून सांगत हुता. तुमी त्येचं तोंडच बांधलं."

अण्णा पट्टीचा जळका तुकडा उचलून तसेच बाहेर गेले. मी मात्र आईकडे बघतच राहिले — केवळ वासावरून भिंतीच्या आतलं ओळखणारी ही बाई मला त्या क्षणी अलौकिक वाटली.

दोन दिवसांत साऱ्या घराचं वायरिंग नवं झालं. त्या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

आई गेली, त्या वर्षी एका संध्याकाळी अण्णा आपणहून म्हणाले, "त्या दिशी त्यो तुकडा घिऊन मी बांधावर बसलो हुतो. लई रडलो."

"आईला सांगितलं होतं?"

"न्हाय," ते म्हणाले. "तेवढं ऱ्हायलंच..."